गाड्यावरची ज्वारी

बाज सैल झाली होती. आडवं झालं की कंबर जमिनीला लागायची. म्हणून त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी ती अंगणात ओढली आणि पायथ्याच्या दोऱ्या सोडून पुन्हा ताणायला घेतल्या. हे काम एकट्यानं होत नाही. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं दोरी बोटाखाली दाबून धरायची, नाहीतर ओढलेलं सगळं परत जातं. माझी घरची पाय लाकडाला लावून ओढत होती आणि मी दाबत होतो.

"बोट काढा, नाहीतर बाजेतच विणून टाकीन."

"विण. मग रोज इथंच आणून जेवायला घाल."

"आत्ता काय वेगळं करते?"

ती हसली आणि तिच्या हातातली दोरी सुटली. पुन्हा पहिल्यापासून ओढावी लागली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं साधं काम. त्यानंतरही बरंच काही बरोबर केलं, पण त्यातलं काहीच साधं नव्हतं.

हे लिहायचं कारण सांगतो. आता स्वराज्य येतंय म्हणतात. उत्तरेकडून कापाकापीच्या बातम्या येतात. भुसावळवरून जाणाऱ्या गाड्यांत माणसं गाठोडी मांडीवर घेऊन बसलेली असतात आणि स्टेशनात गाडी थांबली तरी कुणी पाणी मागायला तोंड बाहेर काढत नाही, असं तिकडं नोकरीला असलेले आमचे लोक सांगतात. रविवारी उपासना झाल्यावर मंडळीतली तरुण माणसं मला घेरतात. "आबा, देशावर असं आलं तर आपण ख्रिस्ती लोकांनी काय करायचं? दार लावून प्रार्थना करायची, का कुणाच्या तरी बाजूनं उभं राहायचं?" मी काय पाळक नाही. लिहायला शिकलो तो बाप्तिस्म्यानंतर, मिशनच्या शाळेत, मिशा फुटल्यावर. मला उपदेश येत नाही. अठरा सालच्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत आमच्या घरात काय झालं तेवढं येतं. ते लिहून ठेवतो.

आमची वस्ती धुळ्याहून सोनगीरला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, एका उघड्या माळावर. अलीकडच्या गावाची शीव आमच्या भिंतीला येऊन संपते आणि पलीकडच्या गावाची नाल्यापलीकडे सुरू होते. मधला तुकडा कुणाचाच नाही, म्हणून मिशनला मिळाला आणि मिशननं आम्हाला दिला. मोठ्या दुष्काळात आम्ही ख्रिस्ती झालो. गाव आम्हाला 'दुष्काळी किरिस्ताव' म्हणायचं. म्हणजे ज्वारीसाठी देव सोडलेले. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नसत. आम्ही नाल्यात झिरा खणून पाणी प्यायचो. माझी स्वतःची बैलगाडी होती, शेठची कपाशी धुळ्याच्या जिनात नेऊन टाकायचो. त्या वर्षी पाऊस पडला नाही, कपाशी आली नाही, विलायतेत लढाई चालू होती आणि दसऱ्याच्या सुमाराला मानमोडी आली. माणूस सकाळी धडधाकट असायचा, दुपारी मान टाकायचा.

तर आम्ही बाज ताणत होतो आणि गावाकडून डफ ऐकू आला. लग्नाचा नव्हे. एकच ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक ठोका.

ती म्हणाली, "गाडा काढला."

साथ आली की गाव मरीआईचा गाडा काढतं. लाकडी चाकांचा, कमरेएवढा, त्याला बैल नसतो, माणसंच ओढतात. कामट्यांचं छत, त्यावर हिरवं कापड, कडुलिंबाचे डहाळे. आत शेंदूर फासलेली लाकडी देवी, तिच्यापुढं बांगड्या, फणी, आरसा, लिंबं, नारळ आणि घरटी ओंजळ ओंजळ जमवलेली ज्वारी. गावानं तो शिवेपर्यंत ओढायचा आणि मागं न बघता परत जायचं. मग ज्याच्या शिवेला गाडा लागला त्या गावानं तो पुढच्या शिवेला नेऊन सोडायचा. असं करत आई निघून जाते म्हणतात. कुठं जाते ते कुणी विचारत नाही.

त्या दिवशी गाडा नाल्यापर्यंत आला. पलीकडच्या काठावर पुढल्या गावाची माणसं काठ्या घेऊन उभी होती. ओरडत नव्हती. नुसती उभी. त्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली होती. ओढणाऱ्यांनी थोडा वेळ त्यांच्याकडं पाहिलं, मग गाडा वळवला, आमच्या भिंतीला लावला आणि निघून गेले. एकानंही मागं पाहिलं नाही. त्यातला एकजण चालता चालता बसला. बाकीचे त्याच्यासाठी थांबले नाहीत. थोड्या वेळानं तो उठला आणि त्यांच्या मागं गेला.

गाडा आमच्या दारासमोर राहिला. त्याला छोटी घुंगरं बांधली होती. वारा नसला तरी ती मधूनच वाजायची. उंदीर असेल ज्वारीला आलेला, मी म्हणालो. पण मी वाकून बघितलं नाही.

रविवारी प्रार्थनाघरात याच्यावर बोलणं निघालं. मिशनचे गोरे साहेब तेव्हा आजारी पडून धुळ्याला होते, त्यामुळं वस्तीची सगळी जबाबदारी आमच्या उपदेशकावर होती. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. कडक माणूस, पण लबाड नव्हता. नाना म्हणाले, देशावर संकट आलंय, सरकार लढाईत आहे, अशा वेळी ख्रिस्ती माणसानं उपास करावा, प्रार्थना करावी आणि मूर्तिपूजेपासून दूर राहावं. गाडा जाळून टाकावा.

एकजण म्हणाला, "जाळला तर गाव आम्हाला जाळंल, नाना."

दुसरा म्हणाला, "आपण चौघं मिळून ढकलू पलीकडं. त्यांच्या काठ्या किती वेळ उभ्या राहतील? तीही माणसं पडतीलच की आज ना उद्या."

तेव्हा बायकांच्या बाजूनं माझी घरची बोलली. ती प्रार्थनाघरात कधी बोलत नसे. जळगावकडची, गिरणेपलीकडची, तिची बोली इथल्या बायकांना हसू आणायची म्हणून ती चारचौघांत गप्पच असायची. म्हणाली, "ढकलू नका. कुठंतरी थांबलाच पाहिजे ना तो. आपल्या दारात थांबला तर थांबू द्या."

"भीती नाही वाटत?" कुणीतरी विचारलं.

"वाटते की. म्हणून दुसऱ्याच्या दारात कशाला नेऊन ठेवू?"

नाना म्हणाले, "बाई, लाकूड आहे ते. त्याला भ्यायचं नाही आणि मानायचंही नाही."

"मग लाकूड असू दे भिंतीला," ती म्हणाली.

गावातून एक गाय हंबरत होती. दूध न काढलेली गाय कशी हंबरते ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. भर दुपारी ती हंबरायला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारीही हंबरतच होती. गावात कुत्रं भुंकत नव्हतं, जातं ऐकू येत नव्हतं, नुसती ती गाय. माझी घरची उठली. मी म्हणालो, कुठं? म्हणाली, धार काढून येते, फुकट मरंल. मी म्हणालो, मीपण येतो.

गावाची वेस उघडी होती. दारं उघडी होती. एका ओट्यावर सुपात अर्धं धान्य पाखडलेलं तसंच होतं. जात्याच्या तोंडात दाणे होते. मेलेल्या माणसांचा वास मला माहीत आहे, दुष्काळात हाडामांसात भरला होता. पण तिथं वास कमी आणि गप्पपणा जास्त होता. ती विहिरीशी गेली. पायरीवर थांबली. त्या पायरीवर आमच्यापैकी कुणी कधी चढलं नव्हतं. ती इकडं तिकडं बघत उभी राहिली. मला कळलं, ती कुणीतरी ओरडण्याची वाट बघतेय. कुणी ओरडलं नाही. तेव्हा तिचा चेहरा उतरला. नंतर मला म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

तिनं पाणी शेंदलं. गायीची धार काढली. गाय ज्या घरची होती त्या घरात दारापासून चुलीपर्यंत माणसं पडलेली होती. काही जिवंत होती. जिवंत कोण आणि मेलेलं कोण हे ओठाला पाणी लावल्यावर कळत होतं. पाणी गिळलं तर जिवंत.

ती परत आली ती थेट आमच्या मडक्याशी. मडक्यात मूठभर ज्वारी. दुष्काळी वर्ष, वस्तीत कुणाकडंच जास्त नव्हतं. ती मडक्यात बघत राहिली. मग बाहेर गेली. गाड्यासमोर उभी राहिली आणि त्यातली ज्वारीची टोपली उचलली.

वस्तीतल्या बायका ओरडल्या. "बाय, ठेव! हात लावू नको!"

"त्यांचीच आहे," ती म्हणाली. "त्यांनाच देते."

तिनं ती ज्वारी भरडली, कण्या केल्या, पातळ पेज शिजवली. मडकं त्याच टोपलीत ठेवलं, कारण आमच्याकडं तेवढी मोठी टोपली नव्हती. टोपलीला हळदीचे बोटांचे ठसे होते. ती टोपली डोक्यावर घेऊन, उन्हात, गाड्याच्या बाजूनं गावाकडं निघाली.

आता पुढचं ऐका. चूक इथं झाली, आणि गाड्याची रीत जाणणाऱ्या माणसांच्या हातूनच ती होणारी होती. वेशीजवळच्या पहिल्या घरात एक म्हातारी होती. तिची दोन्ही मुलं वारलेली, ती स्वतः तापात. तिनं दारातून पाहिलं ते एवढंच, की गावानं देवीला वाहिलेली टोपली शिवेकडून परत येतेय, एका बाईच्या डोक्यावर, आणि टोपलीतून वाफ निघतेय. म्हातारी सरपटत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिनं माझ्या बायकोच्या पायावर डोकं ठेवलं.

"माय, तू ऊनी! आमनी ज्वारी तुले पावनी!"

"मी देवी नही शे, माय. मी माळावरली किरिस्तावीन शे. पेज पे."

"माले फसवू नको, माय. तू अशीच म्हनस. तू अशीच वेष बदलीन येस."

आणि प्यायली. आमच्या हातचं पाणी तिनं जन्मात घेतलं नसतं. ती पेज घटाघटा प्यायली आणि वाटी कपाळाला लावली.

पुढल्या घरी तेच. त्याच्या पुढल्या घरी तर ती पोचायच्या आत भिंतीपलीकडून आवाज येत होता, "ऊनी, ऊनी." मी तिच्या मागं पाण्याची घागर घेऊन होतो. सांगतो तुम्हाला, रिकाम्या गल्लीत, भर उन्हात, तोंड न दिसणारी माणसं भिंतीआडून 'आली, आली' म्हणतात तेव्हा माणूस मागं वळून बघतो, की खरंच आपल्या मागून कुणी येतंय का.

रोज दुपारी ती जायची. रोज प्रत्येक दारात सांगायची, मी देवी नाही. एकानंही ऐकलं नाही. एका पोरीनं तिच्या पायाला कुंकू लावलं. ती घरी येऊन नाल्यावर पाय घासत बसायची.

"घासून साल निघंल," मी म्हणायचो.

"निघू दे. ते मला नाही लावलेलं. दुसरीला लावलंय, ती माझ्या पायात उभी आहे असं वाटतं मला."

गावात अजून पायावर उभे असलेले एक पाटील होते. डोक्याला फडकं बांधून, काठी टेकत ते एकदा वेशीपर्यंत आले आणि मला हाक मारली. ते आम्हाला चांगले ओळखत होते. विहिरीवरून आम्हाला हाकलणाऱ्यांत तेच पुढं असत.

"तिले सांग, दारोदार बोलू नको. देवी म्हनतस ते म्हनू दे. तुनं काय जास?"

"ती ऐकायची नाही, पाटील."

"अरे, खरं कळनं ते पेज थुकी टाकतीन! उपाशी मरतीन बठ्ठा. मंग ते पाप कोनाले?"

मी घरी येऊन तिला सांगितलं. ती पेज ढवळत होती. म्हणाली, "पाटलाला म्हणावं, मी खोटं सांगणार नाही आणि पेजही बंद करणार नाही. त्यांना काय ऐकू येतं ते माझ्या हातात नाही."

"आणि एखाद्याला ऐकू आलं तर?"

"तर तो थुंकेल. मग बघू."

माझ्या गाडीला त्या दिवसांत दुसरं काम नव्हतं. मेलेली माणसं नदीकडं नेत होतो. लाकूड संपलं तसं लोकांनी नाल्याकाठी खड्डे घ्यायला सांगितलं. ज्यांची सावली गावाला चालत नव्हती त्यांच्या गाडीत गाव निजून जात होतं. बैलांनाही सवय झाली. दारासमोर आपोआप थांबायचे. एकदा ते अशा दारासमोर थांबले जिथं मला कुणी बोलावलं नव्हतं. मी खाली उतरलो. आत बघितलं, आणि त्यांना बरोबर कळलं होतं.

अजून एक सांगतो. अर्थ मला विचारू नका. गल्लीच्या शेवटच्या घराचं दार अर्धं लावलेलं असायचं. तिथं ती वाटी भरून आत सरकवायची. आतून हात यायचा, काचेच्या हिरव्या बांगड्यांचा, आणि वाटी घ्यायचा. दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी उंबऱ्यावर असायची. मी घागर धरून मागं उभा असायचो, हात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. मग एका सकाळी पाटलांनी मला ते घर रिकामं करायला सांगितलं. मी दार ढकललं. आत नवरा, बायको आणि सासू. तिघंही केव्हाची गेलेली. गाडीवाल्याला कळतं केव्हाची ते. बाईच्या हातात बांगड्या होत्या.

मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, "वाटी रिकामी होती ना?"

"होती."

"मग कुणीतरी प्यायलं. भुकेलं असेल."

त्या दुपारी तिनं त्या दारातही वाटी ठेवली. मी तिला थांबवलं नाही. त्या दाराकडं मात्र मी पुन्हा बघितलं नाही.

हे सगळं नानांच्या कानावर जात होतं. कुंकू, पायावर डोकं, गाड्यावरची ज्वारी. रविवारी प्रभुभोजन होतं. नानांनी तिला बाजूला बसवलं. सगळ्यांसमोर सांगितलं, की मूर्तीपुढचं धान्य शिजवणं एक, आणि देवी म्हणून पाया पडून घेणं दुसरं. मंडळीसमोर पश्चात्ताप करेपर्यंत तिला भाकर आणि प्याला मिळणार नाही. शास्त्रात कुठं काय लिहिलंय तेही त्यांनी वाचून दाखवलं. शास्त्रात ते आहे, मीही नंतर वाचलंय. नाना खोटं बोलत नव्हते.

प्याला तिच्या पुढून गेला. तिनं हात मांडीवर ठेवले होते. ते हलले नाहीत. आम्हाला पोरबाळ नव्हतं. दुष्काळात माहेर गेलं होतं, सासर गेलं होतं. मंडळी हेच तिचं गणगोत होतं. घरी येताना मी नानांना शिव्या घालत होतो. ती म्हणाली, "गप्प बसा. त्यांना वाटतं मी देवाची जागा घेतली. मलाही रात्रंदिवस तीच भीती आहे. त्यांनी ती बोलून दाखवली एवढंच."

"मग जाऊ नको उद्या."

"पेज कोण देईल?"

नानांनी पेज बंद कर असं कधी म्हटलं नाही, हेही लिहायला हवं.

एका सकाळी ती जात्यावर बसली ती उठलीच नाही. खुंटा हातात, मान खांद्यावर. मी तिला उचलून आत तट्ट्यावर निजवलं. नाकातून रक्त यायला लागलं. दुपारपर्यंत तिचा चेहरा काळानिळा झाला. इतका, की एकदा मी पाणी घेऊन आत आलो आणि मला क्षणभर वाटलं ही दुसरीच कुणीतरी आहे, माझी घरची उठून गावाकडं गेली आणि ही इथं येऊन निजली. मी हाक मारली. तिनं डोळे उघडले. डोळे तिचेच होते.

नाना आले. तोंडाला फडकं न बांधता आले, तिच्या उशाशी बसले. म्हणाले, "बाई, एकदा नुसतं म्हण, चुकलं. मी भाकर घेऊन आलोय."

ती म्हणाली, "कोणतं चुकलं ते सांगा नाना, म्हणजे म्हणते. ज्वारी घेतली ते, का दिली ते?"

नानांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबली तेव्हा श्वासही थांबला होता. तुकडा नानांच्या मुठीत चुरला.

साथीत मढं ठेवत नाहीत. आम्ही तिला संध्याकाळच्या आत वस्तीच्या मागं, आमच्या लोकांच्या जागेत पुरलं. नानांनी वाचलं. जे सगळ्यांसाठी वाचतात तेच वाचलं, एक शब्द गाळला नाही.

माती लोटून झाली तेव्हा मला नाल्याच्या बाजूला माणसं दिसली. गावातल्या बायका. ज्या उठू शकत होत्या त्या. एकमेकींना धरून उभ्या होत्या. जवळ आल्या नाहीत. त्यांनी एक दगड ढकलत ढकलत आमच्या जागेच्या काठापर्यंत आणला आणि त्यावर हिरव्या बांगड्या ठेवल्या, हळद ठेवली. मग परत गेल्या, मागं न बघता. नानांनीही ते पाहिलं. त्यांनी मान वळवली. त्यांना वाटलं असेल, आज नको.

मी त्या दगडाजवळ गेलो. त्याला शेंदूर लावलेला होता, अजून ओला. मला कळलं पुढं काय होणार ते. वर्षभरात तिथं चौथरा होईल. नवस होतील. कोंबडी कापतील. माझ्या बायकोच्या ओटीत खण घालतील, तिच्या नावाचा गाडा काढतील आणि काठ्या घेऊन उभ्या असलेल्या कुणाच्या तरी शिवेला नेऊन सोडतील. जिनं गाडा ढकलू दिला नाही तिलाच गाड्यात बसवून ढकलतील. आणि तिचं जे होतं, ती जळगावकडची बोली, ते हसणं, ते सगळं जाईल. मला माझी बायको हवी होती. देवी नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली. पेज मी जन्मात केली नव्हती. कण्या तळाला लागल्या, वर नुसतं पाणी. तरी मडक्यात ओतली, आमच्या घरच्या फाटक्या पाटीत ठेवली आणि निघालो.

वेशीत पाटील भेटले. माझ्या डोक्यावरचं बघितलं, तोंड बघितलं. म्हणाले, "काय सांगशी त्यासले?"

"झालं ते."

"थुकतीन."

"थुंकू द्या."

ते बाजूला झाले. मला अडवलं नाही. मी पहिल्या घराशी गेलो. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. काल नाल्याशी आलेल्या बायकांत ती नव्हती. आता तिचा ताप उतरला होता, डोळे निवळले होते. तिनं माझ्या मागं बघितलं, रस्त्यावर, कुणी येतंय का ते.

"माय नही ऊनी?"

"नही. ती देवी नही व्हती. मनी बायको व्हती. माळावरली किरिस्तावीन. तुले रोज सांगे ती, तू ऐकी नही. काल मरी गई."

पलीकडच्या घरातून एक बाई हे ऐकत होती. ती आत गेली, परवाची वाटी घेऊन बाहेर आली आणि तिनं ती रस्त्यावर फेकली. मग उंबऱ्यावर पाणी ओतायला लागली. माझ्यादेखत तिनं उंबरा धुतला. मी उभा राहिलो.

म्हातारी धुणाऱ्या बाईकडं बघत होती. मग माझ्या मडक्याकडं. मग माझ्या हातांकडं. ते भाजलेले होते.

"कोठे पुरी तिले?"

"वस्तीना मांगे."

"पोरं व्हतात?"

"नही."

मग तिनं आत हात घालून स्वतःची पितळी वाटी काढली आणि माझ्यापुढं धरली. मी ओतली. तिनं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"मीठ नही टाकं का रे?"

मला आठवेना टाकलं का. नव्हतं टाकलं. मडकं तिच्या ओट्यावर ठेवून मी मीठ आणायला वस्तीकडं परत निघालो.